शिक्षक व्हायचे, पण कोणत्या वर्गाचे?

स्मरणिकेतील लेख म्हटला की संस्थेच्या वाटचालीचा गौरव, जुन्या शिक्षकांच्या आठवणी आणि भावी काळासाठी शुभेच्छा अशी एक रीत ठरून गेली आहे. ती रीत योग्यच आहे आणि तिला साजेसे लेखन या अंकात इतर मान्यवरांनी केलेलेही असेल. मी मात्र या पानांवर एक व्यावहारिक प्रश्न मांडू इच्छितो. ही स्मरणिका ज्या घरांत जाणार आहे, त्या घरांत दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तो हमखास विचारला जातो. मुलीला शिक्षिका व्हायचे आहे; आता डी.एड. करावे की बी.एड.? जालन्यातच प्रवेश घ्यावा की संभाजीनगर गाठावे? आणि ओळखीचे कोणी सांगते की अमुक ठिकाणी कॉलेजला जावेही लागत नाही, ते खरे मानावे काय?

निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना शिक्षकी पेशा जवळचा वाटतो, यात नवल नाही. आईवडील ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांत कामाला असताना ज्यांनी त्यांना वाढविले, आजारपणात उशाशी बसून रात्र काढली, ते त्यांचे गुरुजी आणि बाईच होत्या. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांत दरमहा पगार आणणारा पहिला माणूस शिक्षकच होता. म्हणूनच या निवडीत चूक झाली तर केवळ दोन वर्षे आणि काही हजार रुपये जात नाहीत. एका कुटुंबाची उमेद जाते आणि पुढे त्या शिक्षकाच्या हाती येणाऱ्या मुलांचेही नुकसान होते.

माझे मत आरंभीच स्पष्ट करतो. अभ्यासक्रम निवडण्याआधी वर्ग निवडावा. म्हणजे आपल्याला कोणत्या वयाच्या मुलांसमोर उभे राहायचे आहे, हे आधी ठरवावे. महाविद्यालय निवडताना तेथील विद्यार्थ्याला खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर किती दिवस शिकवावे लागते, हे पाहावे. आणि जे महाविद्यालय ‘येण्याची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असे सांगते, तेथे ते कितीही जवळचे वा सोयीचे असले तरी प्रवेश घेऊ नये.

प्रशिक्षित शिक्षकाची मागणी आपलीच

शिक्षकाला प्रशिक्षण हवे, ही सरकारने वरून लादलेली अट आहे असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित असावेत, अशी स्पष्ट मागणी होती. हे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे मुलांमध्ये मिसळताना त्यांना संकोच वाटणार नाही. गरज पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती घेण्याची त्यांना लाज नसावी. आणि प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, असेही त्यांनी सुचविले होते. म्हणजे शिक्षक आपल्यातला असावा, तो शिकविण्याचे शिकलेला असावा आणि त्याला सन्मानाने जगता यावे, या तिन्ही गोष्टी जोतीरावांनी एकत्र मागितल्या. त्यांपैकी एक सोडून दुसरी घ्यावी, असे त्यांनी सुचविले नाही.

सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला आरंभ केला तो केवळ धैर्याच्या बळावर केला, असे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. धैर्य तर होतेच. परंतु त्यांनी अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी अध्यापक घडविणाऱ्या शाळेला नॉर्मल स्कूल म्हणत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही पुण्याच्या अशाच नॉर्मल स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतलेले होते आणि सैन्यातील शाळेचे ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. ज्या घरात बाबासाहेब घडले, त्या घराचा कर्ता पुरुष प्रशिक्षित शिक्षक होता, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेत नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, प्रशिक्षणाकडे ‘नोकरीसाठी लागणारा कागद’ म्हणून पाहणे आपल्या परंपरेत बसत नाही.

चार वाटा, चार वर्ग

आजमितीस बारावी झालेल्या विद्यार्थ्यापुढे शिक्षक होण्याच्या साधारणपणे चार वाटा आहेत. प्रत्येक वाट वेगळ्या वयाच्या मुलांकडे जाते. त्यामुळे ‘यांतली मोठी पदवी कोणती’ असे विचारण्यात अर्थ नाही.

पहिली वाट बालवाडीची. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. समुदाय महाविद्यालये, कौशल्य विकास केंद्रे, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आणि खासगी संस्था असे अभ्यासक्रम चालवितात. घरची जबाबदारी सांभाळून शिकणाऱ्या भगिनींना ते सोयीचे पडतात आणि त्यांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. शिक्षणाचे सर्वांत नाजूक काम याच वयात होते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. परंतु एक गोष्ट स्वच्छ समजून घ्यावी. असे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र घेऊन पहिली ते आठवीच्या शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक होत नाही. ‘टीचर ट्रेनिंग’ एवढेच शब्द फलकावर वाचून पैसे भरलेल्या मुलींना हे नंतर कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी वाट डी.एल.एड.ची, जिला आपण अजूनही सवयीने डी.एड. म्हणतो. बारावीनंतर दोन वर्षांचा हा पदविका अभ्यासक्रम. याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर, राज्याच्या केंद्रीय पद्धतीने होतो. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठीची मूळ पात्रता हीच आहे. त्याबरोबर पदवी घेतली तर सहावी ते आठवीच्या वर्गांचा मार्गही खुला होतो.

तिसरी वाट बी.एड.ची. पदवीनंतर दोन वर्षे. २०१५ पूर्वी हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला. याच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. सहावी ते दहावी हे याचे क्षेत्र; अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवीही लागते.

चौथी वाट नवी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले. त्यानुसार बारावीनंतर थेट प्रवेश देणारा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम, ज्याला आयटीईपी म्हणतात, २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा असते. पदवी आणि बी.एड. स्वतंत्र घेण्यास पाच वर्षे लागतात. येथे चारच लागतात. मात्र अशा संस्था मोजक्याच आहेत, त्यामुळे घर सोडून राहण्याची तयारी ठेवावी लागते. निवासी शाळेत वाढलेल्या मुलांना ती सवय आहे, ही त्यांची जमेची बाजू समजावी.

न्यायालयाच्या निकालाने शिकविलेला धडा

डी.एड. लहान आणि बी.एड. मोठे, म्हणून बी.एड. केले की लहान वर्गही मिळणारच, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविल्यामुळे या समजाला बळही मिळाले. परंतु ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अधिसूचना योग्य नसल्याचा निर्णय कायम केला. प्राथमिक वर्गांना शिकविण्याचे कौशल्य स्वतंत्र आहे, ते पदविका अभ्यासक्रमात शिकविले जाते, बी.एड.मध्ये नाही, आणि लहान मुलांच्या शिक्षणाच्या मूलभूत हक्कात शिक्षणाचा दर्जाही येतो, असा त्या निकालाचा आशय आहे. त्या तारखेपूर्वी नेमणूक झालेल्यांना पुढे संरक्षण मिळाले. पण ज्यांनी प्राथमिक शाळेतील नोकरीच्या आशेने बी.एड. केले आणि ज्यांची नेमणूक व्हायची होती, त्यांचा मार्ग बंद झाला.

या निकालाने अनेकांचे नुकसान झाले, हे मान्य करूनही त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. मंठा-परतूर भागातील एखाद्या तांड्यावरचे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा त्याच्या कानावर घरी गोरमाटी बोली पडत असते आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. अंबड-घनसावंगीकडचे दुसरे मूल दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते, तोवर वर्ग बराच पुढे गेलेला असतो. अशा मुलाला अक्षर, शब्द आणि संख्या यांची ओळख कशी करून द्यावी, तुटलेला धागा कोठून जोडावा, हे स्वतंत्र शास्त्र आहे. इतिहासाचा वा रसायनशास्त्राचा पदवीधर ते आपोआप जाणतो, असे मानणे म्हणजे लहान मुलांना शिकविणे सोपे आहे, असे मानण्यासारखेच आहे. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१.५ टक्के होती आणि स्त्रियांची त्याहून बरीच कमी. अशा जिल्ह्यात पहिली-दुसरीचा चांगला शिक्षक हाच सर्वांत मोठ्या तोलामोलाचा शिक्षक होय.

म्हणून पालकांना सांगणे असे की, आपल्या मुलीला लहान मुलांत रमताना तुम्ही पाहिले असेल, तर तिला डी.एल.एड.ला घाला आणि त्याबरोबर वा त्यानंतर पदवी पूर्ण करू द्या. मुलाला गणित वा विज्ञान मोठ्या मुलांना समजावून सांगण्यात आनंद वाटत असेल, तर आधी चांगली पदवी आणि मग बी.एड. किंवा शक्य असल्यास थेट एकात्मिक पदवी, हा क्रम ठेवा. मुलाचा कल आणि वर्ग यांची गाठ पडली की अभ्यासक्रम आपोआप ठरतो.

हजेरीविना मिळणारी पदवी

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो. अभ्यासक्रम योग्य निवडला, पण महाविद्यालय केवळ नावापुरते असेल, तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतलेला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात डी.एड. महाविद्यालयांचे अक्षरशः पीक आले. २००८ मध्ये एकदम दिल्या गेलेल्या मंजुऱ्यांतील २९१ महाविद्यालयांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. तपासणीत त्यांपैकी बहुसंख्य संस्था मान्यतेस अपात्र आढळल्या. अध्यापक शिक्षणाचा बाजार झाला आहे, ही खंत त्या अहवालात मुळापासून व्यक्त झालेली आहे. त्याच सुमारास राज्यातील शिक्षकभरती जवळजवळ थांबली. पदविका घेतलेले हजारो तरुण घरी बसले आणि एकेक महाविद्यालय ओस पडत गेले. आज जी महाविद्यालये हजेरी न मागता प्रवेश देऊ पाहतात, त्यांपैकी अनेकांची ती जगण्याची धडपड आहे. त्या धडपडीची किंमत मात्र विद्यार्थ्याने मोजायची असते.

नियम काय सांगतो ते पाहा. बी.एड.च्या दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करायचे असते. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. सैद्धांतिक व प्रात्यक्षिक कामासाठी ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकालासाठी ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. वर्षाला किमान २०० दिवस काम चालले पाहिजे. पाठ-टाचण तयार करणे, वर्गासमोर उभे राहून पाठ घेणे, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाने त्यातील उणिवा दाखविणे आणि दुसऱ्या दिवशी तोच घटक नव्याने शिकविणे, या चक्रातून शिक्षक घडतो. हे चक्र वगळून जी पदवी मिळते ती पोहायला न शिकता घेतलेल्या पोहण्याच्या प्रमाणपत्रासारखी आहे. फरक इतकाच की येथे बुडतात ती दुसऱ्यांची मुले. आणि ती बहुधा जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या किंवा निवासी शाळेच्या वर्गात बसलेली, आपल्यासारख्यांचीच मुले असतात.

या बाबतीत विनयपिटकाच्या महावग्गातील उपसेन वंगन्तपुत्र यांचा प्रसंग मननीय आहे. संघात येऊन फार काळ झालेला नसताना उपसेनांनी स्वतःच एका शिष्याला दीक्षा दिली आणि त्याला घेऊन ते तथागतांच्या भेटीस आले. ज्याला स्वतःलाच अद्याप दुसऱ्याकडून शिकण्याची आवश्यकता आहे, त्याने इतरांचा उपदेशक होण्याची घाई करावी, हे बुद्धांना मान्य झाले नाही. दहा वर्षे पूर्ण झाल्यावाचून कोणी उपाध्याय होऊ नये, असा नियम तेव्हा घातला गेला. नव्या भिक्षूनेही आचार्याच्या निश्रयात, म्हणजे त्याच्या देखरेखीखाली, काही वर्षे राहिले पाहिजे, अशी शिस्त संघात होती. शिकविण्याचा अधिकार सहवासातून आणि सरावातून येतो, हे तत्त्व अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या काटेकोरपणे पाळले गेले. आपण ते २० आठवड्यांपुरतेही पाळू नये काय?

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘आमच्या मुलाला दिवसा कामाला जावे लागते, रोज कॉलेजात बसला तर घर कसे चालेल?’ असे पालक विचारतात. हा प्रश्न आळसातून आलेला नाही, गरिबीतून आलेला आहे. त्याचे उत्तर मात्र बनावट हजेरीत सापडणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास भोजन, निवास व निर्वाहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. यांचे अर्ज वेळेत आणि कागदपत्रांसह भरले गेले पाहिजेत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांची तजवीज बारावीच्या परीक्षेआधीच करावी. एवढे करूनही जमत नसेल, तर एक वर्ष काम करून पैसे साठवावेत आणि पुढच्या वर्षी नीट प्रवेश घ्यावा. आधीच शाळेत शिकवीत असलेल्या शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा बी.एड. अभ्यासक्रम आहे, पण तो सेवेत असलेल्यांसाठी आहे; घरी बसून पदवी मिळविण्याचा आडमार्ग म्हणून त्याकडे पाहू नये.

महाविद्यालय पाहण्यास जाल तेव्हा

प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी पालकांनी मुलाला सोबत घेऊन महाविद्यालय एकदा प्रत्यक्ष पाहावे. शेतकरी बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी एवढी तरी चौकशी करायला हवी. पाहण्यासारख्या गोष्टी अशा.

पहिली, मान्यता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही चालू आहेत काय, हे परिषदेच्या व विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर तपासावे. भिंतीवर लावलेले जुने मान्यतापत्र पुरेसे नाही, कारण दिलेली मान्यता काढूनही घेतली जाते.

दुसरी, अध्यापक. बी.एड.च्या प्रत्येकी ५० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या असतील, म्हणजे दोन्ही वर्षे मिळून २०० विद्यार्थी असतील, तर १६ पूर्णवेळ अध्यापक असावेत असा निकष आहे. कामाच्या दिवशी, अगोदर न कळविता गेल्यास त्यांपैकी किती जण वर्गात दिसतात, ते मोजावे.

तिसरी, सरावशाळा. छात्रशिक्षक कोणकोणत्या शाळांत पाठ घेतात, हे विचारावे आणि त्यांपैकी एका शाळेत जाऊन तेथील मुख्याध्यापकांना भेटावे. महाविद्यालयाची खरी परीक्षा त्या शाळेच्या उत्तरात असते.

चौथी, दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. त्यांची पाठ-टाचणांची वही मागून पाहावी. मार्गदर्शकाच्या तांबड्या शाईचे शेरे त्यात असतील, तर तेथे काम होते असे समजावे. वही कोरी वा एकाच हस्ताक्षरातली असेल, तर निर्णय सोपा आहे.

पाचवी, शुल्क. खासगी विनाअनुदानित बी.एड. महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. त्याहून अधिक रक्कम देणगीच्या नावाने मागणे हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. आणि ‘हजेरीचे पाहून घेऊ’ म्हणून वेगळी रक्कम मागितली गेली, तर त्या दारातून परत फिरावे.

नोकरीचे खरे चित्र

पदवी हाती आली म्हणजे नोकरी मिळाली, असे आज राहिलेले नाही. हे आधीच सांगणे कर्तव्य आहे. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. पहिली ते पाचवीसाठी एक पेपर आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा; प्रत्येकी १५० गुणांचा. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलद्वारे निवड. २०२४ मध्ये या पोर्टलवरून २१ हजारांहून अधिक पदांची जाहिरात निघाली, पण त्याआधी कित्येक वर्षे उमेदवारांनी वाट पाहण्यात घालविली होती. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी ते दरमहा १६ हजार रुपये आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला. सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल, असा तो निकाल आहे. म्हणजे आता ही परीक्षा टाळून पुढे जाण्याची वाट जवळपास उरलेली नाही. आणि आडवाटेने गेलेल्यांचे काय होते, तेही राज्याने पाहिले. २०१९-२० च्या टीईटीतील गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतर सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. जमीन विकून, दागिने मोडून पैसे दिलेल्या अनेकांच्या हाती शेवटी बदनामी तेवढी राहिली. हजेरीविना पदवी आणि पैशाने पात्रता, ही एकाच रस्त्यावरची दोन गावे आहेत. पहिल्या गावी मुक्काम केला की पुढे दुसऱ्याकडे जाण्याचा मोह होतोच, कारण न शिकलेल्याला परीक्षा अवघडच जाणार.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग शिक्षक तरी का व्हावे? माझे उत्तर असे की, ज्याला केवळ लवकर पगार हवा त्याने खरोखरच दुसरा मार्ग धरावा. त्यात कमीपणा नाही. ज्याला शिकविणे आवडते त्याने मात्र या पायऱ्यांना घाबरू नये. ज्याने २० आठवडे मन लावून पाठ घेतले, बालमानसशास्त्र वर्गात अनुभवले, त्याला टीईटीचा अभ्यास नवा वाटत नाही. आणि खासगी शाळाही हल्ली मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायला सांगतात. तेथे पहिल्या पाच मिनिटांत सत्य कळते.

शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे

शेवटी दोन अपेक्षा व्यक्त करतो. पहिली आपल्यासारख्या निवासी शाळांकडून. परिसरातील अध्यापक महाविद्यालयांच्या छात्रशिक्षकांना आपले वर्ग मोकळे करून द्यावेत. मात्र सह्यांपुरते आलेल्यांना नम्रपणे परत पाठवावे. छात्रशिक्षकाने पाठ घेताना आपला एखादा अनुभवी शिक्षक मागे बसावा आणि पाठ संपल्यावर त्याच्याशी अर्धा तास बोलावे. निवासी शाळेत हा लाभ दुहेरी आहे. येथे छात्रशिक्षकाला सकाळचा वर्ग दिसतो, तसाच संध्याकाळचा अभ्यासही दिसतो. दुपारी गप्प बसणारे मूल रात्री का रडते, हेही त्याला येथेच कळते. असे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

दुसरी अपेक्षा माजी विद्यार्थ्यांकडून. आपल्यापैकी जे आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा तालुक्यांतील शाळांत शिकवीत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा. दहावी-बारावीच्या मुलांना चार वाटा समजावून सांगाव्यात. प्रवेशाच्या हंगामात दोन-तीन कुटुंबांबरोबर स्वतः महाविद्यालय पाहायला जावे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे. वर्गणी देणे चांगलेच आहे, पण एखाद्या मुलीला चुकीच्या दारातून परत आणणे हे त्याहून मोठे दान ठरेल.

जोतीरावांनी मागितलेला प्रशिक्षित शिक्षक आपल्यातूनच यायचा आहे. तो कोणत्या वर्गासमोर उभा राहणार आहे आणि त्यासाठी त्याने खरोखर काय शिकले आहे, एवढे दोन प्रश्न प्रत्येक घराने येत्या जूनमध्ये विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय प्रवेश-अर्जावर सही करू नये.